स्विचवर डीएचसीपीची सुरक्षा: कोल्हापुरातल्या नेटवर्कवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर आणि शहरातली कॉलेजं, दवाखाने इथं नेटवर्कची कामं करताना तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र केली आहेत. डीएचसीपी म्हणजे नेटवर्कवरच्या मशीनला आपोआप आयपी पत्ता देणारी सोय, आणि स्विच म्हणजे सगळ्या मशीनच्या केबली जिथं येऊन जुळतात तो डबा. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, स्विचवर त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या. उदाहरणं मुख्यतः सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचची आहेत. दुसऱ्या कंपन्यांमध्ये जिथं खरा फरक पडतो, तिथं तो सांगितला आहे.

सकाळी निम्म्या मशीन चालतात, निम्म्यांना सर्व्हर दिसत नाही. हा डीएचसीपीचाच घोळ आहे हे कसं ओळखायचं?

शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून सुट्टीनंतरच्या सकाळी फोन आला होता: "सर, केबल लागल्याली दावतंय, पण बिल निघंना." तिथलं नेटवर्क १०.१०.२० नं सुरू होणारं. डिस्पॅचच्या मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवलं, तर पत्ता १९२.१६८.०.१०५ आणि डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.०.१. हा सर्व्हर आमचा नव्हता. त्याच मशीनवर आर्प डॅश ए चालवून १९२.१६८.०.१ चा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) घेतला आणि स्विचवर शो मॅक ॲड्रेस-टेबल ॲड्रेस ही आज्ञा त्या मॅकसकट दिली. पोर्ट मिळाला. केबलचा माग काढत गेलो, तर फेटलिंग शॉपमागच्या केबिनमध्ये एक घरगुती वाय-फाय राउटर निघाला. नेटवर्कची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये खोचलेली होती. मोबाइलला रेंज येत नाही म्हणून कुणीतरी घरून आणलेला.

निम्म्याच मशीन का बिघडतात, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. मशीन पत्ता मागते तेव्हा आधी डिस्कव्हर संदेश सगळीकडे ओरडून पाठवते. ज्या सर्व्हरची ऑफर आधी पोचते, त्याचाच पत्ता ती बहुधा घेते. दोन सर्व्हर असले की ही शर्यत होते. उलट ज्या मशीनकडे चालू लीज (ठरावीक मुदतीसाठी मिळालेला पत्ता) आहे, ती अर्धी मुदत झाल्यावर थेट जुन्या सर्व्हरलाच नूतनीकरण मागते आणि त्यामुळं बचावते. रात्रभर बंद असलेली मशीन चालू होताना आपला जुना पत्ता सगळ्यांना ऐकू जाईल असा मागते. तेव्हा तो परका राउटर "हा पत्ता इथला नाही" असा नकार पाठवू शकतो, आणि नकार मिळाला की मशीन पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणून हा घोळ सुट्टीनंतरच्या सकाळी जास्त दिसतो.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एकाही सर्व्हरचं उत्तर मशीनपर्यंत आलेलं नाही.

डीएचसीपी स्नूपिंग नेमकं काय करतं?

डीएचसीपीचं बोलणं यूडीपीच्या ६७ आणि ६८ या पोर्टवर चालतं (हे पोर्ट म्हणजे नुसते क्रमांक, केबल खोचायची जागा नव्हे). ६७ सर्व्हरचा, ६८ मागणाऱ्याचा. १९९३ मध्ये या प्रोटोकॉलचं पहिलं मानक आलं आणि १९९७ च्या आरएफसी २१३१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) मध्ये आजचं रूप ठरलं. उत्तर देणारा सर्व्हर खरा की खोटा, हे ओळखण्याची सोय त्यात नाही. मागणारा ज्याचं उत्तर आलं त्याच्यावर विश्वास ठेवतो. ती तपासणी मग स्विचला करावी लागते.

स्नूपिंग चालू केलं की स्विचचे पोर्ट दोन प्रकारांत वाटले जातात, ट्रस्टेड आणि अनट्रस्टेड. ऑफर (पत्ता देऊ करणं), ॲक (होकार), नॅक (नकार) हे संदेश सर्व्हरनंच पाठवायचे असतात. ते अनट्रस्टेड पोर्टवरून आले की स्विच जागेवर टाकून देतो. फाउंड्रीतला तो राउटर पुढं महिनाभर तसाच चालू राहिला असता, तरी एकाही मशीनला त्याचा पत्ता मिळाला नसता.

दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. खऱ्या सर्व्हरनं पत्ता दिला की स्विच त्याची नोंद ठेवतो: कोणता मॅक, कोणता आयपी, कोणती व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळा ठेवलेला नेटवर्कचा गट), कोणता पोर्ट, लीज किती उरली. हे बाइंडिंग टेबल. पुढं येणारं डायनॅमिक आर्प इन्स्पेक्शन आणि आयपी सोर्स गार्ड याच टेबलावर उभे आहेत.

आमच्याकडं कुणी हॅकर येत नाही. एवढ्या उपद्व्यापाची गरज आहे का?

आहे. मला आजवर सापडलेले परके डीएचसीपी सर्व्हर कुणी वाईट हेतूनं लावलेले नव्हते. केबिनमध्ये रेंज नाही, लॅबमध्ये पोर्ट कमी पडले, पाहुण्यांना वाय-फाय द्यायचं होतं, अशीच कारणं. माणसानं आपली अडचण सोडवली आणि त्यात सगळ्या मजल्याचं काम थांबलं. दवाखान्यात असं झालं की लॅबचा रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. तिथं एक तासही फार असतो.

तो राउटर काढताना त्या माणसाला सगळ्यांसमोर बोलू नका. रेंज कुठं कमी आहे ते त्यानं तुम्हाला फुकटात दाखवून दिलं आहे. तिथं रीतसर ॲक्सेस पॉइंट लावून द्या, नाहीतर पुढचा राउटर कपाटामागं लपवला जाईल.

नवीन स्विच घ्यावा लागेल का?

आधी रॅकमध्ये काय आहे ते पाहा. मॅनेज्ड स्विच (ज्याला आज्ञा देऊन सेटिंग करता येतं) असेल तर ही सोय बहुधा त्यात आहे आणि तिचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले आहेत. अनमॅनेज्ड स्विचमध्ये मात्र काहीच करता येत नाही. अशा जागी निदान मधला मुख्य स्विच मॅनेज्ड ठेवा. मग टेबलाखालच्या आठ पोर्टच्या डब्यावर कुणी राउटर लावला, तरी त्या डब्यावरच्या पाच-सात मशीनच बिघडतील. बाकी इमारत वाचेल.

कोणता पोर्ट ट्रस्टेड करायचा?

खऱ्या सर्व्हरकडं जाणारा, आणि तेवढाच. प्रत्येक स्विचपाशी उभं राहून एकच विचारायचं: इथून डीएचसीपी सर्व्हर कुठल्या केबलनं आहे? ती केबल ज्या पोर्टमध्ये आहे, तो ट्रस्टेड.

मजल्यावरच्या ॲक्सेस स्विचवर हा पोर्ट म्हणजे अपलिंक, वरच्या स्विचकडं जाणारा. सर्व्हर वेगळी मशीन असेल तर मुख्य स्विचवर ती जिथं जोडली आहे तो पोर्ट. मुख्य स्विचच स्वतः पत्ते वाटत असेल तर त्याच्यावर त्यासाठी वेगळा पोर्ट ट्रस्टेड करावा लागत नाही, मजल्यांवरच्या अपलिंक तेवढ्या करायच्या. दोन केबली मिळून एकच जोडणी केलेलं पोर्ट-चॅनेल असेल तर ट्रस्ट पोर्ट-चॅनेल इंटरफेसवर द्या.

ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी) आहे म्हणून पोर्ट ट्रस्टेड करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मुख्य स्विचवरून खाली एखाद्या अनमॅनेज्ड स्विचकडं जाणारा पोर्ट ट्रस्टेड ठेवला, तर राउटर लावायची सगळ्यात सोपी जागा तुम्ही उघडी सोडली. ज्युनिपरच्या ईएक्स स्विचवर ट्रंक पोर्ट मुळातच ट्रस्टेड असतात. तिथं ते आपणहून तपासावे लागतात.

आज्ञा कोणत्या क्रमानं द्यायच्या?

क्रम चुकला की चालतं नेटवर्क बंद पडतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिलं काम ट्रस्टचं. अपलिंकच्या इंटरफेसमध्ये जाऊन "आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट". स्नूपिंग अजून चालू नसल्यानं यानं काहीही बिघडत नाही. मजल्यावरचे सगळे स्विच असे करून घ्या आणि शो रनिंग-कॉन्फिगमध्ये डोळ्यांनी खात्री करा.

मग व्हीलॅन. ऑफिस १०, लॅब २०, वाय-फाय ३० असेल तर एकदम तिन्ही लावू नका. ज्या व्हीलॅनमध्ये कमी लोक आहेत आणि जिथला माणूस फोन उचलतो, तिथून सुरुवात करा: "आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन २०".

शेवटी अख्ख्या स्विचला लागू होणारी (ग्लोबल) आज्ञा, नुसतं "आयपी डीएचसीपी स्नूपिंग". व्हीलॅनची आणि ही अशा दोन्ही असल्याशिवाय स्नूपिंग चालू होत नाही. "सगळं टाकलं तरी काही होत नाही" म्हणून फोन येतो, तेव्हा या दोन्हींतली एक राहिलेली असते.

आता एका मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज, मग स्लॅश रिन्यू. पत्ता मिळाला आणि "शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग बाइंडिंग"मध्ये तिची ओळ दिसली, की पुढची व्हीलॅन. कॉन्फिगरेशन सेव्ह करायला विसरू नका. लाईट गेल्यावरच ते आठवतं.

एचपीच्या जुन्या प्रोकर्व्ह आणि त्यांच्या वंशातल्या अरुबा स्विचवर आज्ञा "डीएचसीपी-स्नूपिंग" अशी सुरू होते. तिथं "ऑथोराइज्ड-सर्व्हर" देऊन खऱ्या सर्व्हरचा आयपीही सांगता येतो. ही सोय मला फार आवडते, कारण ट्रस्टेड पोर्टमागूनही परका सर्व्हर बोलला तर तो अडतो. मायक्रोटिकमध्ये राउटरओएस ६.४३ पासून ब्रिजवर डीएचसीपी स्नूपिंग आहे आणि ब्रिजच्या प्रत्येक पोर्टवर ट्रस्टेडचा पर्याय आहे. काही मॉडेलवर ते चालू केल्यावर हार्डवेअर ऑफलोडिंग बंद होतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. आधी आपलं मॉडेल बघून घ्या.

स्नूपिंग चालू केलं आणि कुणालाच पत्ता मिळेना. ट्रस्ट तर बरोबर आहे.

ऑप्शन ८२.

सिस्कोचा स्विच स्नूपिंग चालू झालं की मागणाऱ्याच्या संदेशात आपणहून ऑप्शन ८२ ही एक चिठ्ठी जोडतो: ही मागणी कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आली. २००१ च्या आरएफसी ३०४६ नं ही चिठ्ठी रिले एजंटसाठी (मागणी दुसऱ्या नेटवर्कमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवणाऱ्या उपकरणासाठी) ठरवली. रिले एजंट चिठ्ठी जोडतो तेव्हा संदेशातल्या गेटवे पत्त्याच्या रकान्यात स्वतःचा पत्ताही लिहितो. ॲक्सेस स्विच रिले नसतो, म्हणून तो रकाना शून्यच राहतो. चिठ्ठी आहे पण आणणाऱ्याचा पत्ता नाही, असा संदेश सिस्कोचा डीएचसीपी सर्व्हर आणि रिले दोन्ही संशयास्पद मानून टाकून देतात. वरच्या स्विचवरही स्नूपिंग असेल आणि त्याचा खालचा पोर्ट अनट्रस्टेड असेल, तर तोही टाकतो.

उपाय दोन. चिठ्ठीचा उपयोग होत नसेल तर ॲक्सेस स्विचवर "नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन". आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत आणि कॉलेजांत सर्व्हर ती वाचतच नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी ही ओळ टाकतो. चिठ्ठी हवी असेल तर वरच्या स्नूपिंग करणाऱ्या स्विचवर "आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन अलाउ-अनट्रस्टेड", आणि सर्व्हर किंवा रिले असलेल्या सिस्को उपकरणावर "आयपी डीएचसीपी रिले इन्फॉर्मेशन ट्रस्ट-ऑल".

रेट लिमिट (पोर्टवर सेकंदाला किती डीएचसीपी पॅकेट चालतील ती मर्यादा) किती ठेवू?

एका टेबलाच्या, एका मशीनच्या पोर्टवर सेकंदाला १५ पॅकेट पुरेसे आहेत: "आयपी डीएचसीपी स्नूपिंग लिमिट रेट १५". पण हा आकडा सगळीकडे चिकटवला की पावसाळ्यात त्रास सुरू होतो.

जुलैच्या पावसात लाईट जाते-येते. लॅबमधल्या चोवीस मशीन एका अनमॅनेज्ड स्विचवर आणि तो एका पोर्टवर. लाईट आली की सगळ्या जवळपास एकदमच उठतात आणि प्रत्येक मशीन पत्त्यासाठी निदान एक-दोन संदेश पाठवते. एका सेकंदात १५ ओलांडले, की स्विच तो पोर्ट एरर-डिसेबल करतो, म्हणजे बंद पाडतो, आणि अख्खी लॅब अंधारात. शिक्षक म्हणतात स्विच जळाला. स्विचनं मात्र त्याला सांगितलेलंच केलेलं असतं.

म्हणून ॲक्सेस पॉइंट किंवा दुसरा स्विच असलेल्या पोर्टवर मर्यादा ५० ते १०० च्या दरम्यान ठेवा आणि ट्रस्टेड अपलिंकवर ठेवूच नका. पोर्ट आपोआप परत यावा म्हणून "एररडिसेबल रिकव्हरी कॉज डीएचसीपी-रेट-लिमिट" द्या. ठरलेला वेळ ३०० सेकंदांचा असतो. कोणते पोर्ट पडले ते "शो इंटरफेसेस स्टेटस एरर-डिसेबल्ड" दाखवतं. एखादा पोर्ट पुन्हा पुन्हा पडत असेल तर मर्यादा वाढवण्याआधी तिथं जाऊन बघा. त्या पोर्टवर बिघडलेलं नेटवर्क कार्ड किंवा केबलचा लूप सापडू शकतो.

सगळे पत्ते कुणी संपवून टाकले तर?

एका नेहमीच्या स्लॅश २४ नेटवर्कमध्ये २५४ पत्ते. खोटे मॅक वापरून कुणी सगळे मागून घेतले, तर खऱ्या मशीनला काही उरत नाही, आणि मग हल्लेखोर आपला सर्व्हर पुढं करतो. याला स्टार्व्हेशन म्हणतात. फ्रेमवरचा मॅक तोच ठेवून फक्त डीएचसीपी संदेशातला मॅक बदलला, तर स्नूपिंगच ते पकडतं, कारण सिस्कोवर दोन्ही जुळतात का ही तपासणी सुरुवातीपासून चालू असते. दोन्ही बदलले तर स्नूपिंगला कळत नाही. तिथं पोर्ट सिक्युरिटी लावून एका पोर्टवर दोन-तीन मॅकची मर्यादा घाला. टेबलावर आयपी फोन आणि त्याच्या मागं संगणक असतो, म्हणून एकाची मर्यादा घालू नका.

कॉलेजच्या वाय-फायवर हल्ला नसतानाही पत्ते संपतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक लपवून प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा मॅक वापरतात. विंडोज सर्व्हरची लीज मुळात ८ दिवसांची असते. ॲडमिशनच्या दिवसांत तासाभरासाठी आलेल्या पालकाच्या फोननं पत्ता आठवडाभर अडवून ठेवला, असं होतं. पाहुण्यांच्या वाय-फायची लीज काही तासांवर आणा.

डायनॅमिक आर्प इन्स्पेक्शन लगेच चालू करू का?

नका करू. घाईनं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं.

आर्प म्हणजे कोणता आयपी कोणत्या मॅकचा हे शोधायचा प्रोटोकॉल, १९८२ मधला. "हा आयपी माझा" असं कुणीही म्हणावं आणि बाकीच्यांनी मान्य करावं, असा त्याचा स्वभाव. एखादी मशीन "गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) मीच" म्हणाली तर सगळ्यांचा डेटा तिच्यातून जाऊ लागतो. इन्स्पेक्शन अनट्रस्टेड पोर्टवरचा प्रत्येक आर्प संदेश बाइंडिंग टेबलाशी ताडून बघतं आणि नोंद नसली की टाकून देतं.

स्नूपिंग चालू केल्या दिवशी हे टेबल रिकामं असतं. ज्या मशीनकडे आधीपासून पत्ता आहे, तिची नोंद ती नूतनीकरण करेल तेव्हाच येते. नूतनीकरण अर्ध्या मुदतीला होतं, म्हणजे ८ दिवसांच्या लीजला ४ दिवस. त्याआधी इन्स्पेक्शन लावलं तर मशीनचा पत्ता बरोबर, केबल बरोबर, आणि तरी पिंग जात नाही. मी लीजची पूर्ण मुदत थांबतो. तेवढ्या दिवसांत टेबलातल्या ओळी आणि प्रत्यक्षातली उपकरणं जुळवून घेतो.

जुळवताना जी उपकरणं टेबलात येतच नाहीत, त्यांची यादी हाती लागते. हाताने पत्ता दिलेला प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर), वजनकाट्याचा संगणक, सीएनसीचा कंट्रोलर. आपल्या एमआयडीसीतली ही यादी नेहमी अंदाजापेक्षा लांब निघते. डीएचसीपी घेऊ शकणाऱ्या उपकरणाला सर्व्हरवर रिझर्व्हेशन द्या. पत्ता कायम तोच राहतो आणि नोंदही आपोआप येते. जे घेऊच शकत नाही, त्याच्यासाठी आर्प ॲक्सेस-लिस्ट लिहा, "परमिट आयपी होस्ट अमुक मॅक होस्ट तमुक", आणि "आयपी आर्प इन्स्पेक्शन फिल्टर"नं ती व्हीलॅनला लावा. फिल्टरच्या शेवटी स्टॅटिक हा शब्द घालू नका. तो घातला की यादीत नसलेल्यांसाठी स्विच बाइंडिंग टेबल बघतच नाही आणि डीएचसीपीवाल्या सगळ्या मशीन अडतात.

स्विच ते स्विच केबलींवर, दोन्हीकडे तपासणी चालू असेल तर, दोन्ही टोकांना "आयपी आर्प इन्स्पेक्शन ट्रस्ट" द्या. अनट्रस्टेड पोर्टवर आर्पचीही सेकंदाला १५ ची मर्यादा मुळातच असते. मजल्याची ट्रंक त्यात सापडली की लगेच पडते.

आयपी सोर्स गार्ड लावावं का?

विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये आणि हॉस्टेलवर लावा. कुणी हातानं दुसऱ्याचा आयपी घातला तर त्याचं एकही पॅकेट पुढं जात नाही. आज्ञा पोर्टवर, "आयपी व्हेरिफाय सोर्स". ठरावीक पत्त्याच्या उपकरणासाठी "आयपी सोर्स बाइंडिंग"नं हाताने नोंद करावी लागते. कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये मी ते शेवटी लावतो, तेही आर्प इन्स्पेक्शन महिनाभर बिनतक्रार चालल्यावर.

स्विच रीस्टार्ट झाला तर टेबल जातं का?

जातं, ते मेमरीत असतं. स्विचला थेट जोडलेल्या मशीनचं फारसं बिघडत नाही. स्विच बंद झाला की त्यांची लिंक पडते आणि परत आल्यावर त्या बहुधा पत्त्याची खात्री पुन्हा करून घेतात, त्यामुळं नोंद येते. अडतात त्या मधल्या अनमॅनेज्ड स्विच किंवा ॲक्सेस पॉइंटमागच्या मशीन. त्यांच्या बाजूची लिंक पडलीच नाही, म्हणून आपली नोंद गेली हे त्यांना कळत नाही. इन्स्पेक्शन मात्र त्यांना अडवतं.

म्हणून "आयपी डीएचसीपी स्नूपिंग डेटाबेस" देऊन टेबल फ्लॅशवर किंवा टीएफटीपी सर्व्हरवर ठेवा. बदल झाल्यावर स्विच मुळात ३०० सेकंद थांबून लिहितो. लीजच्या वेळा घड्याळावर अवलंबून असतात, तेव्हा एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) लावा. एनटीपी कॉन्फिगर केलेलं असेल तर घड्याळ जुळेपर्यंत सिस्कोचा स्विच फाइलमध्ये लिहीतच नाही, हेही लक्षात असू द्या. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली ठेवायची आहेत आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. स्विचचा सिसलॉग (घडामोडींची नोंद) बाहेरच्या सर्व्हरवर पाठवला की तेही काम होतं आणि कोणत्या दिवशी कोणत्या पोर्टवर परकी ऑफर आली ते नंतर शोधता येतं.

आणि रॅकला यूपीएस द्या. संगणकांना असतो, स्विचला नसतो, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

ॲक्सेस पॉइंटचा पोर्ट ट्रस्टेड करायचा का?

नाही. त्याच्या मागं मागणारेच आहेत. फक्त मर्यादा वाढवा.

आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) वापरतच नाही, मग त्याचं काय?

वापरत नाही असं तुम्ही म्हणता, विंडोज आणि फोन तसं म्हणत नाहीत. त्यांच्यात ते चालूच असतं. एखादा राउटर आयपीव्ही६ च्या राउटर ॲडव्हर्टाइजमेंट ("राउटर मी आहे" अशा घोषणा) पाठवू लागला तर मशीन त्याला गेटवे मानतात, आणि आयपीव्ही४ चं स्नूपिंग हे बघतही नाही. त्यासाठी २०११ च्या आरएफसी ६१०५ मधलं आरए गार्ड आहे. डीएचसीपीव्ही६ साठी वेगळं गार्ड आहे, त्याचे यूडीपी पोर्ट ५४६ आणि ५४७. तुमच्या स्विचमध्ये दोन्ही असतील तर मशीनच्या पोर्टवर लावून टाका. काम दहा मिनिटांचं आहे.

हे सगळं लावल्यावर नियमितपणे काय बघायचं?

आठवड्यातून एकदा "शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग स्टॅटिस्टिक्स". अनट्रस्टेड पोर्टवर टाकलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत असेल, तर कुठंतरी राउटर लागला आहे. लोकांना त्रास होत नाही म्हणून तो शोधायचा राहू नये. ट्रस्टेड पोर्टची यादी रॅकच्या दारावर आतून चिकटवून ठेवा.

पूर येण्याआधी रॅक वरच्या मजल्यावर हलवला. परत जोडल्यावर कुणालाच पत्ता मिळेना.

२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेकडच्या भागात तळमजल्यावर रॅक ठेवणारे पाणी चढायच्या आधीच सामान वर नेतात, आणि ते योग्यच आहे. घाईत केबली निघतात आणि परत जोडताना अपलिंक २४ व्या पोर्टऐवजी २३ व्यात जाते. स्विचच्या दृष्टीनं ट्रस्ट पोर्टला आहे, केबलला नाही. २३ वा अनट्रस्टेड, म्हणून खऱ्या सर्व्हरची ऑफरही तो परकी समजून टाकतो. सगळ्या मशीनवर १६९.२५४ दिसतं.

केबल २४ व्या पोर्टमध्ये घाला. आणि पुढच्या वेळेसाठी मे महिन्यातच अपलिंकच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची टेप लावून स्विचचं नाव आणि पोर्टचा आकडा पुसला न जाणाऱ्या पेननं लिहा, पोर्टवर "डिस्क्रिप्शन" टाका आणि कॉन्फिगरेशनची एक प्रत इमारतीबाहेर ठेवा. पाणी चढत असताना केबली काढणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही. वॉचमन किंवा अकाउंटंटलाही ती परत जोडता यायला हवी.